रीताचा पॉज

संकष्टीला मी चंद्रोदयापर्यंत बोलत नाही. हा नेम मला सासूबाईंनी दिलेला नाही, कोण्या महाराजांनीही नाही. माझा मीच घेतला आणि घेतल्यापासून कधी मोडला नव्हता. पाहुणे आले, गॅस संपला, एकदा तर न्हाणीत साप निघाला, तरी मी हातवारे करूनच घरच्यांना बाहेर काढलं. आमच्या ह्यांना, म्हणजे मधुकररावांना, हा दिवस फार आवडतो. "बाप्पानं महिन्यात दोन संकष्ट्या काऊन नाई ठेवल्या?" असं ते आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर विचारतात, आणि गिऱ्हाइकं हसतात.

तो नेम गेल्या संकष्टीला मोडला. वर्ध्याच्या सभागृहात, पहिल्या रांगेत, भरल्या माणसांत. देवाचं नाव तोंडून निघून मोडला असता तर मी मनाची समजूत घातली असती. तो मोडला रीताच्या वाक्यानं.

रीता म्हणजे माझी मैत्रीण. आज तिला सगळे ओळखतात. नाटकाच्या जाहिरातीत तिचा फोटो नाटकाच्या नावापेक्षा मोठा असतो. दुसरी मैत्रीण आचल. ती नाटकं लिहिते आणि बसवते. आम्ही तिघी देवळीच्या एकाच गल्लीतल्या. पंचवीस वर्षांपूर्वी गल्लीतल्या गणपतीपुढे आचलनं पहिलं नाटक बसवलं, त्याचं नाव 'तांब्या'. त्यात येसू नावाची बाई आहे. तिचा नवरा तिला टाकून गेलेला आणि खूप वर्षांनी दारात येऊन पाणी मागतो, एवढीच गोष्ट. येसू झाली रीता. मलाही येसू व्हायचं होतं. सगळं नाटक मला तोंडपाठ होतं, नवऱ्याच्या संवादांसकट. पण आचल म्हणाली, "गुलाब, तुहा आवाज समईच्या वातीसारखा हाय वं. देवघरात शोभते. मंडपात तिसऱ्या रांगेले बी नाई पोचत."

म्हणून मला विंगेत बसवलं. नटाला वाक्य आठवलं नाही तर आडोशातून सांगायचं, हे माझं काम. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात हेही मला नंतर कळलं. त्यात एक खुबी असते. अख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिले दोनच शब्द द्यायचे, आणि तेही श्वासावर, नटाला लागतील त्याच्या किंचित आधी. नटाला ऐकू गेलं पाहिजे, पहिल्या रांगेला नाही. जो आवाज आचलला अपुरा वाटला तोच इथे बरोबर पुरला.

आता तो पॉज. नाटकात नवरा दारात येतो आणि म्हणतो, "पानी भेटंल का?" येसू तांब्या उचलते. तिचं वाक्य आहे, "पानी देते. वळख मांगू नको." त्या पहिल्या रात्री रीता हे वाक्य साफ विसरली. तांब्या हातात धरून तिनं डाव्या विंगेकडे, माझ्याकडे, पाहिलं. मी "पानी देते" म्हटलं. पण पलीकडच्या गल्लीत ढोल सुरू झाला होता, तिला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तोवर ती नुसती उभी. तांब्या हातात, मान वळलेली, डोळे कोणाची तरी वाट पाहणारे. मंडपात टाचणी पडली तर ऐकू यावी असं झालं. ढोल सुद्धा थांबल्यासारखा वाटला. समोरच्या बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. मग तिला माझे शब्द पोचले आणि ती वाक्य बोलली. आणि बोलली ती अशी, की ते मी दिलं होतं हे मीच विसरले. हे मला कबूल केलंच पाहिजे. दोन शब्द माझे होते, पण त्यांचं तिनं जे केलं ते मला सात जन्मांत जमलं नसतं.

पडदा पडल्यावर आचल धावत आली. "हे ठेवायचं!" ती म्हणाली. "हे अस्संच ठेवायचं!"

आणि ठेवलं. त्यानंतर प्रत्येक प्रयोगात रीता तांब्या उचलून थांबायची, डावीकडे पाहायची आणि माझा आवाज आला की बोलायची. नाटकाच्या शेवटी अजून एक तशीच जागा आचलनं मुद्दाम तयार केली. नवरा विचारतो, "जाऊ मी?" आणि येसू थांबते, मग म्हणते, "भाकर झाली हाय. खाऊन जा." तिथेही पहिले दोन शब्द माझेच. रीतानं ती वाक्यं कधी पाठ केलीच नाहीत. "तू हायस ना," म्हणायची. नागपूरच्या स्पर्धेत नाटक पहिलं आलं. रीताला बक्षीस, आचलला बक्षीस, आणि ज्यानं नटांच्या तोंडाला पावडर फासली त्यालाही प्रमाणपत्र मिळालं. परीक्षकांना विंगेतून कोणाचा आवाज आला नाही याबद्दल सगळ्या चमूचं कौतुक झालं. माझं काम इतकं चांगलं झालं होतं की ते झालंच नाही असं ठरलं.

तेव्हा मला राग आला नव्हता. मी चमूसाठी पेढे घेऊन गेले होते.

पुढे त्या दोघी पुण्याला गेल्या आणि मी इथेच राहिले. संसार झाला, नेम झाले. सकाळी वाती वळायच्या, पोथीचा अध्याय झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही, आणि पूजा आटोपेपर्यंत मोबाइलला हात नाही. गेल्या काही वर्षांत मात्र मोबाइल उघडला की पहिला फोटो त्यांचाच. शाल, नारळ, फुलांचा गुच्छ. रीता बोलते आहे, आचल बोलते आहे, मागे पडद्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं आहे. मी अंगठा दाखवायचे. दोन हात जोडलेले टाकायचे. आणि मग वातीचा कापूस असा ओढायचे की तुटायचा.

मत्सर हा सहावा शत्रू आहे हे मला कोणी सांगायला नको, पोथीत रोज वाचते. गणपतीसमोर बसून मी स्वतःला खूप तपासलं. रीताच्या साड्यांचा, गाडीचा, टाळ्यांचा मला हेवा वाटतो का? वाटतो. खोटं कशाला बोलू? तिच्यासारखं ताठ उभं राहता यावं, असंही वाटतं. पण दुसऱ्याचं जे आहे ते आपल्याला हवंसं वाटणं म्हणजे मत्सर. आपलंच दुसऱ्याच्या हातात दिसलं की जे होतं, त्याला पोथीत नाव सापडत नाही.

कारण रविवारच्या पुरवणीत रीतावर अर्धं पान आलं होतं. मथळा होता, 'जिचा पॉज बोलतो'. लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं की रीताच्या शांततेत शतकांचं स्त्रीदुःख साठलेलं आहे. मी तो कागद ह्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "त्या शांततेत मी बोलून राह्यली होती जी! शतकं नाई, मी! देवळीची गुलाब!"

हे चष्मा वर करून म्हणाले, "मंग पेपरवाल्याले फोन लाव."

"अन् काय सांगू?"

"सांग का त्या पॉजमंदी मी होती."

ऐकायला किती वेड्यासारखं वाटलं ते! म्हणून तर इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

मग रीताचा निरोप आला. 'तांब्या' पुन्हा बसवलं आहे, गावोगाव प्रयोग आहेत, वर्ध्याला यायचं आहे. "पहिल्या रांगेत बसजो. तू नाई आली तं मी बोलनार नाई पाय." सोबत हसणारी तोंडं. तारीख पाहिली तर संकष्टी. मी कळवलं की येते, पण माझं मौन राहील. तिनं लिहिलं, "तू कवा मोठ्यानं बोलतं तशी बी!"

ही दोन वाक्यं मी दिवसभर मनात घोळवली.

संकष्टीच्या दिवशी दुर्वा वाहताना मी गणपतीजवळ एकच मागितलं. आज त्या दोघींच्या तोंडून निघू दे. मोठं काही नको, सत्कार नको, नारळ नको. कोणीतरी माइकवर म्हणू दे की या पॉजच्या मागे एक प्रॉम्प्टर होती. नाव घेतलं तर उत्तमच, नाही घेतलं तरी चालेल. मला ऐकायचं होतं की ते घडलं होतं, मी ते मनातून रचलेलं नाही.

ह्यांनी मोटारसायकलवरून मला वर्ध्याला सोडलं. "मी बाहेर चहाच्या टपरीवर हाय. मले रडकं नाटक सोसत नाई," म्हणाले. मी मान हलवली आणि आत गेले. पहिल्या रांगेत माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली खुर्ची होती. चिठ्ठीवर 'सौ. गुलाबताई, देवळी' असं लिहिलेलं. बाजूला एक गृहस्थ, इस्त्रीचा कुर्ता घातलेले. त्यांनी विचारलं, "काकू, तुम्ही कलाकारांच्या नात्यातल्या का?" मी ओठांवर बोट ठेवून हात जोडले. त्यांना वाटलं मला बोलता येत नाही. त्यांनी फार सहानुभूतीनं पाहिलं.

पडदा उघडण्याआधी आचल माइकवर आली. जाड काठाची साडी, केस कापलेले, बोलणं पुण्याचं.

"आज 'तांब्या' आपल्या मातीत येतंय," ती म्हणाली. "सगळे मला विचारतात, तो पॉज कुठून आला? मी आणि रीतानं तो सहा महिने शोधला. तालमी केल्या, काही सापडेना. मग एका संध्याकाळी पवनारला धाम नदीच्या काठावर बसलो होतो. पाणी वाहत होतं आणि अचानक एका खडकापाशी ते थांबल्यासारखं वाटलं. रीता म्हणाली, आचल, हा बघ पॉज."

टाळ्या पडल्या. बाजूचे गृहस्थ "वाहवा" म्हणाले.

मी खुर्चीचे हात धरले. पवनार! त्या वेळी गल्लीबाहेर जायचं तर रीताच्या बाबांची परवानगी लागायची, आणि ती मागायला मी जायचे, कारण माझ्या तोंडाकडे पाहून ते हो म्हणायचे. नाटक बसलं तेच मुळी पंधरा दिवसांत. कुठले सहा महिने? कुठला खडक? आणि ज्या नदीत आपण अस्थी सोडतो, दिवे सोडतो, तिच्या नावानं भरल्या सभेत खोटं बोलायचं? उठावं आणि सांगावं असं छातीत उसळून आलं. पण चंद्र उगवलेला नव्हता. माझं तोंड माझ्याच नेमानं बांधलेलं. मी मनात गणपतीला म्हटलं, हेच मागितलं होतं का मी?

नाटक सुरू झालं. रीता आली आणि सभागृह बदललं. तिनं नुसतं अंगण झाडलं, तरी ते अंगण दिसलं. राग असतानाही मी पुढे सरकून पाहत होते. पन्नाशीची रीता येसू म्हणून पंचविशीच्या रीतापेक्षा खरी वाटत होती. मला तिचा अभिमान वाटला आणि त्या अभिमानाचाही राग आला.

नवरा दारात आला. "पानी भेटंल का?"

रीतानं तांब्या उचलला. मान डावीकडे वळली. सभागृह थांबलं. तीच मान, तेच डोळे, आणि ते डोळे पाहिल्याबरोबर माझ्या आत पंचवीस वर्षांची सवय जागी झाली. माझा श्वास आत ओढला गेला आणि तोंडातून निघालं,

"पानी देते..."

मला वाटलं मी मनात म्हटलं. पण शेजारच्या गृहस्थांनी मान वळवली. मागून कोणीतरी "शूऽऽ" केलं. दुसरा म्हणाला, "बाई, मोबाइल बंद करा तो." ज्या आवाजाला मंडपात तिसरी रांग गाठता येत नव्हती, तो त्या शांततेत शेवटपर्यंत गेला होता.

मी तोंडावर हात दाबला. डोळ्यांतून पाणी आलं, ते लाजेचं नव्हतं. सकाळपासून सांभाळलेलं मौन! कोरडी जीभ, पाण्याचा थेंब नाही, ह्यांच्या चार थट्टा ऐकून घेतल्या, आचलचं नदीकाठचं पुराण गिळलं, आणि अखेर मोडलं कशानं, तर रीताच्या वाक्यानं! माझ्याजवळ देवाला द्यायला एवढी एक गोष्ट होती. तीसुद्धा हिनं नेली.

रंगमंचावर रीताची मान हळूहळू वळली. डाव्या विंगेकडून समोर, पहिल्या रांगेकडे. तिनं मला शोधलं. मग बोलली, "पानी देते. वळख मांगू नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असंच असतं.

त्यानंतरच्या प्रवेशांत ती नीट होती. पण मी तिला ओळखते. तिचे पाय नेहमीपेक्षा पुढे पडत होते, माझ्या बाजूला. शेवट आला. नवरा उंबऱ्यापाशी उभा. "जाऊ मी?"

येसू थांबली.

या वेळी रीतानं विंगेकडे पाहिलंच नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं. मी ओठ मिटले. आता नाही, म्हटलं. एकदा चूक झाली. नदीकाठी सापडलाय ना तुला पॉज? मग नदीलाच विचार.

थांबणं लांबलं. नेहमीपेक्षा लांब. नवऱ्याचं काम करणाऱ्यानं पाय बदलला. मला रीताचा गळा दिसत होता, शीर उडत होती. तिला वाक्य आठवत नव्हतं. इतके प्रयोग केलेल्या बाईला दोन शब्द आठवत नव्हते. मला बरं वाटलं. हो, वाटलं. पाहू दे सगळ्यांना, त्या शांततेत काय साठलंय ते.

आणि मग ती भर रंगमंचावर, येसूच्याच आवाजात म्हणाली, "सांग ना वं, गुलाब."

सभागृहात कोणी हललं नाही. माझं नाव असं चारशे माणसांत कोणी कधी घेतलं नव्हतं. वाट पाहत होते तो क्षण आला होता, पण तो कोणाला कळलाच नव्हता. लोकांना वाटलं गुलाब म्हणजे येसूची कोणी मेलेली बहीण असेल.

मी सांगितलं. रीताची दया आली म्हणून नाही. ते वाक्य तिच्या घशाशी अडकलेलं मला बघवेना. वाक्याचा काय दोष? दारात उभ्या असलेल्या त्या नवऱ्याचा काय दोष? मी बसल्या जागेवरून म्हटलं, "भाकर झाली." एवढंच. रीतानं डोळे मिटले, पुढचं बोलली, आणि पडदा पडला.

लोक उभे राहिले. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो काकू, तुम्ही नाटकातल्याच! आधी सांगायचं ना! मी आपलं तुम्हाला मुक्या समजून..." आणि माझ्याकडे पाहूनही टाळ्या वाजवू लागले.

मी आत गेले. रंगपटात गर्दी होती. रीता आरशासमोर बसली होती, कुंकू अर्धं पुसलेलं. आचलनं मला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

"गुलाब! अगं काय केलंस तू! हे ठेवायचं!" ती म्हणाली. "हे अस्संच ठेवायचं! प्रेक्षकांतून येणारा बाईचा आवाज, जणू सगळ्या बायका येसूला सांगताहेत. पुढच्या महिन्यात अमरावतीला प्रयोग आहे, मग अकोला. तू फक्त पहिल्या रांगेत बसायचं, साध्या साडीत. कोणाला कळू द्यायचं नाही."

एक तरुण पत्रकार बाई वही घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "या कोण?"

"आमची जुनी मैत्रीण," आचल म्हणाली. "देवळीची. फार धार्मिक आहे."

माझं मौन तर मोडलेलंच होतं. मी बोलले. "आचल, पवनारले आपण कवा गेलतो?"

ती हसली. "अगं, ते सांगायला बरं असतं. लोकांना गोष्ट लागते."

"गोष्ट लागते तं खरी सांग ना. खरी काय कमी हाय का? रीता वाक्य विसरली, ढोल वाजत होता, मी दोनदा सांगतलं, तवर ती उभी राह्यली. हाच तो पॉज. ह्या पोरीले सांग, हे लिहू दे."

पत्रकार बाई एकदा माझ्याकडे, एकदा आचलकडे पाहू लागली. आचलचं पुण्याचं बोलणं गळून पडलं. "काऊन भांडून राह्यली वं आज? चतुर्थीचं? सगळ्यायसमोर?"

"चतुर्थी तुमीच मोडली माही."

मी रीताकडे वळले. "तू सांग."

रीता आरशातून माझ्याकडे पाहत होती. हळू आवाजात म्हणाली, "गुलाब, खरं सांगू? मले अजून बी तुहाच आवाज येते. प्रत्येक प्रयोगात. डोक्यात. तू 'पानी देते' म्हणतं, मंग मी बोलते. आज तू खरोखरची बोलली अन् डोक्यातली बंदच झाली. म्हणून अडकली मी."

"मंग हेच त्या माइकवर काऊन नाई सांगत?"

ती थांबली. अर्धं कुंकू, हातात कापसाचा बोळा, मान जराशी वळलेली. पत्रकार बाईची लेखणी वर. आणि रीताच्या डोळ्यांत तीच वाट पाहणं, जणू पुढचे दोन शब्द मी द्यावेत.

मी दिले नाहीत. मी थांबले. एका वाक्याला लागतो त्याहून जास्त वेळ थांबले.

"थकली वं मी," ती अखेर म्हणाली. "उद्या बोलू आपन. सावकाश."

मी पदर सावरला आणि निघाले. मागून आचल म्हणत होती, "अगं थांब, फोटो तर काढू!"

बाहेर हे गाडी घेऊन उभे होते. "चंद्र निघून राह्यला," म्हणाले. "घरी जाऊन नैवेद्य दाखवू. कसं झालं नाटक?"

मी मागे बसले आणि गाडी देवळीच्या रस्त्याला लागली. मग सुटले. पवनारचा खडक काढला, पावडर फासणाऱ्याचं प्रमाणपत्र काढलं, पेढे काढले, 'फार धार्मिक' काढलं. वाऱ्यात, गाडीच्या आवाजात, मी काय काय बोलले ते मलाही आठवत नाही. ह्यांनी एका वळणावर गाडी हळू केली. मागचा ट्रक बाजूनं गेला. त्यातला माणूस खिडकीतून डोकं काढून ह्यांना म्हणाला, "अहो, बाईले आधी जेवू घाला!"

हे इतके हसले की गाडी थांबवावी लागली. "गुलाब," म्हणाले, "तुहा आवाज पोचत नाई म्हणून त्यायनं तुले विंगेत बसवलं होतं ना? आता त्या ट्रकवाल्याले विचार!"

मला हसू आलं नाही. चंद्र आमच्या पाठीशी होता, वर्ध्याच्या बाजूला. मी वळून हात जोडले. क्षमा मागायची होती, मौन मोडल्याची. शब्द आठवले, पण मागावीशी वाटली नाही. दुसऱ्या दिवशी केळझरला जाऊन गणपतीच्या पायऱ्या चढले, तिथेही नाही मागितली. त्याला म्हटलं, तूच पाहिलंस काय झालं ते.

परतीच्या बसमध्ये रीताचा निरोप आला. "अमरावतीच्या पत्रिकेत तुहं नाव टाकून राह्यलो. 'विशेष आभार' मंदी टाकू?"

विशेष आभार! आभार सभागृह देणाऱ्याचे मानतात, फुलवाल्याचे, वेळेवर चहा पाठवणाऱ्याचे मानतात. मी लिहिलं, "नाई."

थोड्या वेळानं पुन्हा, "मंग काय म्हणून टाकू?"

तेव्हापासून ती विचारते आहे. रोज सकाळी माझी पूजा आटोपते, मोबाइल उघडते, आणि तिचा प्रश्न तिथे उभा असतो. काल लिहिलं होतं, "सांग ना वं." विंगेतल्या माणसाला काय म्हणतात आणि त्यापुढे कोणाचं नाव लिहायचं, ते मला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. अगदी ओठांवर आहे तिच्या. पंचवीस वर्षं पहिले दोन शब्द मी दिले. हे दोन तिचे तिनं आठवावेत. मी वाती वळते आहे, तोवर थांबू दे तिला.